लायरीड उल्कावर्षाव पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी: रात्र ठरवण्यापासून नोंद पाठवण्यापर्यंत

एप्रिलचा तिसरा आठवडा लागला की ‘आज रात्री उल्कांचा पाऊस’ अशा बातम्या फिरू लागतात. त्या वाचून हौसेने बाहेर पडलेली माणसं अर्धा तास मान वर करून उभी राहतात. एखादी उल्का दिसते, कधी तीही दिसत नाही, आणि मंडळी झोपायला जातात. मला याची फार हळहळ वाटते, कारण वर्षाव त्या रात्री खरोखर चालू असतो. बहुतेक वेळा चुकते ती तारीख, तास किंवा जागा, आणि या तिन्ही गोष्टी आधी घरी बसून ठरवता येतात.

लायरीड हा मध्यम ताकदीचा वर्षाव आहे. ऑगस्टमधले पर्सिड किंवा डिसेंबरमधले जेमिनिड यांच्याइतक्या उल्का त्यात नसतात. म्हणूनच इथे तयारीला जास्त महत्त्व आहे: भरपूर उल्कांच्या वर्षावात ढिसाळ तयारी खपून जाते, लायरीडमध्ये खपत नाही. चांगली रात्र, काळोखी जागा आणि सलग दोन-तीन तास एवढं दिलंत तर तो निराश करत नाही.

१. आपण काय पाहणार आहोत ते आधी समजून घ्या

थॅचर नावाचा एक धूमकेतू आहे. ए. ई. थॅचर यांनी तो ५ एप्रिल १८६१ रोजी न्यूयॉर्कमधून शोधला. सूर्याभोवतीची एक फेरी पूर्ण करायला त्याला सुमारे ४१५ वर्षं लागतात, म्हणजे तो परत येईल तेव्हा तेविसाव्या शतकाचा उत्तरार्ध असेल. धूमकेतू आपल्यापैकी कुणालाच दिसणार नाही, पण त्याने आजवरच्या फेऱ्यांमध्ये मागे टाकलेली धूळ त्याच्या कक्षेत पसरून राहिली आहे. पृथ्वी दरवर्षी साधारण १४ ते ३० एप्रिल या काळात त्या धुळीच्या पट्ट्यातून जाते. २२-२३ एप्रिलच्या आसपास ती पट्ट्याच्या सर्वांत दाट भागात असते. या धूमकेतूचा आणि एप्रिलमधल्या उल्कांचा संबंध १८६७ मध्ये योहान गाले यांनी दाखवून दिला. १८४६ मध्ये नेपच्यून ग्रह दुर्बिणीतून पहिल्यांदा ओळखणारे ते हेच गाले.

धुळीचे हे कण बहुतेक वाळूच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असतात. ते सेकंदाला सुमारे ४९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि जमिनीपासून साधारण ११० ते ८० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात त्यांची वाफ होते. आपल्याला दिसते ती रेघ या वाफेच्या आणि तिथल्या हवेच्या तापलेल्या अणूंचा प्रकाश असते. लायरीडमधलं काहीच जमिनीपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा ‘दगड पडेल का’ ही भीती मनातून काढून टाका, आणि सकाळी शोधायला जाण्याचा विचारही.

या वर्षावाची नोंद माणसाने फार आधीपासून ठेवली आहे. इ.स.पू. ६८७ मध्ये चीनमध्ये तारे पावसासारखे पडल्याचं लिहून ठेवलेलं आढळतं आणि ती नोंद लायरीडची मानली जाते. एप्रिल १८०३ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंड शहरात आगीची घंटा वाजल्यामुळे लोक रात्री रस्त्यावर आले आणि त्यांना आकाशभर उल्का कोसळताना दिसल्या. १९८२ मध्येही थोड्या वेळासाठी दर ताशी ९० पर्यंत चढला होता. अशी उसळी क्वचित येते. तिच्या भरवशावर रात्र आखू नये, पण जो बाहेर असतो त्यालाच ती दिसते हेही खरं.

२. ‘ताशी १८’ या आकड्याचा अर्थ लावा

लायरीडचा दर ताशी १८ असा छापला जातो. नवख्यांची सर्वांत मोठी निराशा या आकड्यातून येते, म्हणून इथे थोडं थांबू या.

हा आकडा एका आदर्श परिस्थितीचा आहे. वर्षावाचा उगमबिंदू (आकाशातली ती जागा, जिथून सगळ्या उल्का पसरल्यासारख्या वाटतात) बरोबर डोक्यावर, आकाश इतकं काळं की नुसत्या डोळ्यांना ६.५ प्रतीचा तारा दिसावा, आणि ढगाचा मागमूस नाही. (ताऱ्यांच्या तेजाची ‘प्रत’ उलटी चालते: आकडा जितका मोठा तितका तारा मंद.) प्रत्यक्षात यातली प्रत्येक गोष्ट थोडी थोडी कमी पडते.

उगमबिंदू क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर दर थेट निम्मा होतो, म्हणजे ताशी ९. बिंदू ६० अंशांवर असेल तर साधारण १५ ते १६. आकाशाचा काळोख एका प्रतीने कमी झाला, की लायरीडच्या बाबतीत दिसणाऱ्या उल्का पुन्हा निम्म्याहून थोड्या कमी होतात. हिशेब करून पाहा: बिंदू ६० अंशांवर आणि आकाश ५.५ प्रतीपर्यंतचं असेल तर ताशी सात-साडेसात. गावाच्या कडेला, ४.५ प्रतीपर्यंतच्या आकाशात साडेतीनच्या आसपास. दिव्यांनी भरलेल्या शहरात, जिथे ३.५ प्रतीच्या पुढचं काही दिसत नाही, तिथे तासाला एक किंवा दोन.

यात वर्षावाशी संबंध नसलेल्या, कुठूनही येणाऱ्या तुरळक उल्कांची थोडी भर पडते. आणि उल्का समान अंतराने येत नाहीत. वीस मिनिटं काहीच नाही आणि मग तीन मिनिटांत तीन, असं नेहमीच होतं. त्यामुळे अर्ध्या तासावरून रात्रीचा निकाल लावू नका.

३. रात्र निवडा: तारखेचा घोळ टाळा

‘२२ एप्रिलला शिखर’ असं वाचून लोक २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे २१ आणि २२ च्या मधल्या रात्री जागतात. किंवा २२ ला रात्री नऊला बाहेर पडून अकराला परततात. दोन्हीत मुख्य तास हुकतात. म्हणून तारीख नेहमी जोडीने लिहा: ‘२२ ची रात्र, २३ ची पहाट’.

शिखराची नेमकी घटिका दरवर्षी सुमारे सहा तासांनी पुढे सरकते आणि लीप वर्षात मागे येते. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना दरवर्षी तिचं वेळापत्रक प्रसिद्ध करते. त्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. ती आपल्या ठिकाणच्या वेळेत बदलून घ्या आणि त्या क्षणाच्या सर्वांत जवळची पहाट निवडा. शिखर तुमच्याकडे दिवसा येत असेल तर आधीची आणि नंतरची अशा दोन्ही पहाटा उमेदवार ठरतात. शिखरापासून एक रात्र इकडेतिकडे झाली तरी उल्का बऱ्यापैकी दिसतात, तीन-चार रात्रींचा फरक पडला तर मात्र फारसं हाती लागत नाही.

ढगांसाठी एक राखीव रात्र नक्की ठेवा. हवामानाचा अंदाज आठवडाभर आधी पाहून काही उपयोग नाही. आदल्या दिवशीचा अंदाज आणि त्या संध्याकाळची उपग्रह प्रतिमा पाहा.

४. चंद्राचा हिशेब करा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि तरी बहुतेक लोक ते करत नाहीत. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र आकाश इतकं उजळवतो की मंद उल्का पूर्ण बुडतात. पंचांगात किंवा कुठल्याही आकाशदर्शनाच्या ॲपमध्ये त्या रात्रीचा चंद्रोदय आणि चंद्रास्त पाहून घ्या.

२०२६ मध्ये अमावास्या १७ एप्रिलला आहे. शिखराच्या रात्री चंद्र कोर ते अर्धा यांच्या मधला असेल आणि पहाटेच्या आधीच मावळेल. चांगलं वर्ष. २०२७ मध्ये पौर्णिमा २० एप्रिलच्या सुमारास येते, म्हणजे रात्रीचा बराच मोठा भाग चंद्रप्रकाशात जाईल. २०२८ मध्ये अमावास्या २४ एप्रिलच्या आसपास आहे: जवळजवळ पूर्ण काळोख. लांबच्या जागी मुक्काम करून पाहायचं मनात असेल तर ते २०२८ साठी राखून ठेवावं, असं मी सुचवीन.

चंद्र असलेल्या वर्षी घरी बसू नका. चंद्राकडे पाठ करून, एखाद्या भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीत बसून पाहिलं तर तेजस्वी लायरीड तरीही दिसतात.

५. तास ठरवा

उगमबिंदू अभिजित ताऱ्याच्या जवळ, स्वरमंडळ आणि शौरी या तारकासमूहांच्या सीमेवर आहे. अभिजित ईशान्येकडून उगवतो आणि एप्रिलच्या अखेरीस पहाटे चार-साडेचारच्या सुमारास सर्वांत उंच असतो. उत्तर गोलार्धात बहुतेक ठिकाणी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान उगमबिंदू वर येतो आणि अकरा-साडेअकरापर्यंत ३० अंशांवर पोचतो. (या स्थानिक सौर वेळा आहेत, जिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात तिथे त्यात एक तास मिळवा.)

म्हणजे चांगला काळ मध्यरात्रीपासून पहाटेच्या पहिल्या उजेडापर्यंतचा. त्यातही शेवटचे दोन तास सर्वोत्तम. आकाश सूर्योदयाच्या साधारण सव्वा ते पावणेदोन तास आधी उजळायला लागतं. जितकं उत्तरेला जाल तितका हा उजेड लवकर सुरू होतो. तुमच्याकडे रात्रीतून फक्त दोनच तास असतील तर संध्याकाळी लवकर झोपा आणि गजर लावून पहाटे उठा. रात्री नऊ ते अकरा जागण्यापेक्षा यातून कितीतरी जास्त मिळतं.

दक्षिण गोलार्धातून लायरीड अवघड आहेत. ३० अंश दक्षिण अक्षांशावर उगमबिंदू मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि कधीच २६ अंशांच्या वर जात नाही. तिथल्या वाचकांनी लेखाच्या शेवटी दिलेल्या मे महिन्यातल्या वर्षावाकडे जास्त लक्ष द्यावं.

६. जागा शोधा आणि ती दिवसा पाहून या

काळोख आणि मोकळं आकाश या दोनच अटी. त्यातला काळोख आधी. समोर डोंगर असला तरी चालेल, पण रस्त्यावरचा एकही दिवा थेट डोळ्यांत येता कामा नये. एक उघडा दिवा तुमच्या डोळ्यांचं जितकं नुकसान करतो, तितकं क्षितिजावरची लांबच्या शहराची प्रभा करत नाही.

काळोख मोजायला बोर्टल मापनपट्टी वापरतात. जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या या पट्टीत १ म्हणजे अगदी निखळ आकाश आणि ९ म्हणजे शहराचा गाभा. प्रकाश-प्रदूषणाचे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात. ४ किंवा त्याहून कमी वर्ग मिळाला तर उत्तम, ५ चालतो.

नकाशावर मात्र पूर्ण विसंबू नका. जागेवर पोहोचल्यावर आकाशच तपासा. यासाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. पहिली, सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती. तिची प्रत सुमारे ४. ती वेगळी दिसत नसेल तर जागा बदलण्याचा विचार करा. दुसरी, अभिजितच्या खाली लोंबकळणारा स्वरमंडळातला छोटा समांतरभुज चौकोन. त्याच्या चार कोपऱ्यांपैकी दोन तारे तिसऱ्या प्रतीच्या आसपासचे आणि दोन चौथ्या प्रतीहून थोडे मंद आहेत. चारही स्पष्ट दिसले तर आकाश कामाचं आहे. चौकोनातले फक्त दोनच दिसत असतील तर मोजक्या तेजस्वी उल्काच दिसतील, हे मनात धरून बसा.

दिवसाच्या फेरीत काय पाहायचं: जमीन सपाट आहे का, पाणथळ आहे का, रात्री वाहनांचे दिवे त्या बाजूने वळतात का, परतीची वाट काळोखात सापडेल का. जागा खासगी किंवा संरक्षित असेल तर परवानगी आधी घ्या. रात्री दोन वाजता रखवालदाराला समजावत बसणं म्हणजे सर्वांत चांगला तास गमावणं. एकटे जाऊ नका, आणि कुठे जाताय, किती वाजता परतणार हे घरी कुणाला तरी सांगून जा.

७. सामान

दुर्बीण लागत नाही. तिच्यातून आकाशाचा इतका छोटा तुकडा दिसतो की उल्का त्यात सापडणं जवळपास अशक्य. द्विनेत्री असेल तर घ्या, मधल्या शांत वेळात तारकागुच्छ पाहायला छान वाटतं.

लागतं ते असं:

- मागे रेलता येणारी खुर्ची, किंवा जाड चटई आणि उशी. उभं राहून पाहण्याचा नाद पूर्ण सोडा. वीस मिनिटांत मान दुखते आणि नजर खाली येते.
- तुम्हाला वाटतात त्यापेक्षा एक थर जास्त गरम कपडे, कानटोपी, मोजे, पांघरूण. हालचाल न करता पडून राहिलं की उबदार रात्रीही पहाटे अंगात थंडी शिरते.
- लाल उजेडाची बॅटरी. नसेल तर साध्या बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबराने बांधा.
- वही, पेन्सिल (पेन गारठ्यात आणि दवात दगा देतं) आणि घड्याळ.
- पाणी, थोडं खाणं, डास आणि किड्यांसाठी मलम.
- चष्मा असेल तर तो आणि काच पुसायला मऊ कापड. चष्म्याशिवाय ‘उल्का तर मोठी असते, दिसेल’ असं म्हणू नका; मंद उल्का धूसर नजरेतून निसटतात.
- प्रथमोपचाराची पेटी आणि बंद बूट.

८. डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्या

मला विचाराल तर या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सर्वांत जास्त मोडला जाणाराही. उजेडातून काळोखात आल्यावर बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींमधलं रसायन पुन्हा साठायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्याआधी तुम्ही जे आकाश पाहता ते अपुरं आकाश असतं. एकदा फोनचा पडदा उघडला, की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून फोन खिशात नाही, पिशवीत ठेवा. वेळ पाहण्यासाठी काळोखात चमकणारे काटे असलेलं मनगटी घड्याळ बरं. आकाश-नकाशाचं ॲप वापरायचं असेल तर ते घरीच वापरून अभिजित, स्वाती, चित्रा, ध्रुव हे तारे ओळखायला शिका. ॲपमधला लाल पडदाही तेज कमीत कमी केल्याशिवाय निरुपद्रवी नसतो. स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घेऊन त्यात २३ एप्रिलची पहाट तीनची वेळ भरून ठेवा. आकाश कसं दिसेल ते आधीच डोळ्यांत बसेल.

गटात जात असाल तर निघण्यापूर्वीच सगळ्यांशी बोलून घ्या. कुणी उशिरा येणार असेल तर गाडीचे दिवे बंद करून लांब थांबायचं. गाडीचं दार उघडलं की आतला दिवा लागतो, तो आधीच बंद करून ठेवा.

९. कुठे पाहायचं

उगमबिंदूकडे टक लावू नका. रेल्वेचे रूळ समांतर असूनही लांबवर एका बिंदूत मिळताना दिसतात, तसंच इथे घडतं: सगळे कण समांतर मार्गांनी येतात, पण आपल्याला ते अभिजितजवळच्या एका बिंदूतून पसरल्यासारखे वाटतात. त्या बिंदूजवळ दिसणारी उल्का जवळजवळ आपल्या दिशेनेच येत असते, म्हणून तिची रेघ तोकडी दिसते. लांब, सुंदर रेघा बिंदूपासून दूर दिसतात.

हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते. अभिजितपासून तीन ते पाच मुठी बाजूला आणि क्षितिजापासून पाच ते सात मुठी वर, असा सर्वांत काळोखा भाग निवडा. पायांची दिशा तिकडे करून झोपा. नजर सैल ठेवा, एका ताऱ्यावर रोखू नका. उल्कांची बहुतेक चाहूल नजरेच्या कडेला लागते, आणि डोळ्यांची कडा मंद प्रकाशाला जास्त संवेदनशील असते.

दर तासाला पाच-दहा मिनिटं उठून चाला. डुलकी लागली तर ती वेळ नोंदीतून वजा करा.

१०. ही लायरीडच होती का?

उल्का दिसली की तिची रेघ मनातल्या मनात मागे वाढवा. ती अभिजितच्या उजव्या-वरच्या बाजूच्या भागातून जात असेल तर ती लायरीड असण्याची शक्यता मोठी. (उजवं-वरचं हे पूर्वेकडे तोंड करून रात्री पाहताना; पहाटे आकाश फिरल्यावर दिशा बदलतात, म्हणून तारा लक्षात ठेवा, दिशा नको.) पेन्सिल हातात आडवी धरून रेघेवर बसवली की मागे वाढवणं सोपं जातं.

आणखी दोन कसोट्या लावा. लांबी: रेघेच्या सुरुवातीपासून उगमबिंदूपर्यंतचं अंतर रेघेच्या किमान दुप्पट हवं. बिंदूशेजारी लांबलचक रेघ दिसली तर ती वर्षावातली नाही. वेग: लायरीड चपळ असतात, बहुतेक अर्ध्या सेकंदाच्या आसपास संपतात. दोन-तीन सेकंद रेंगाळत जाणारी उल्का बहुधा दुसरीकडची.

उल्का नसलेल्या गोष्टींतही नवखे फसतात. संथ, न लुकलुकता मिनिटभर सरकणारा ठिपका म्हणजे उपग्रह. एका रेषेत ओळीने चालणारे अनेक ठिपके म्हणजे नुकतेच सोडलेले उपग्रह. लाल-हिरवे, उघडझाप करणारे दिवे विमानाचे. आणि तुकडे होत दहा-वीस सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ जळत जाणारं काही दिसलं तर ते परत येणारं अवकाश-साहित्य असू शकतं. वेळ आणि दिशा लगेच लिहून ठेवा.

शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. लायरीडमध्ये ते अधूनमधून येतात, आणि एक जरी दिसला तरी रात्रभराच्या थंडीची भरपाई होते.

११. मोजा आणि लिहा

नुसतं पाहणंही आनंदाचंच आहे. तरीही पहिल्या वर्षापासून मोजा, असा माझा आग्रह आहे. मोजायला लागलं की लक्ष टिकतं, आणि साध्या डोळ्यांनी केलेल्या नोंदींना आजही शास्त्रीय किंमत आहे. वर्षावाचा दर वर्षागणिक कसा बदलतो हे ठरवताना जगभरच्या हौशी निरीक्षकांचे आकडे वापरले जातात.

वहीत सुरुवातीला जागा, अक्षांश-रेखांश, सुरुवातीची वेळ आणि दिसणारा सर्वांत मंद तारा लिहा. मग दर पंधरा मिनिटांचा एक कप्पा करा. उल्का दिसली की ‘ल’ किंवा ‘तु’ (लायरीड किंवा तुरळक) आणि अंदाजे प्रत. तेजाची तुलना ओळखीच्या ताऱ्यांशी करा: अभिजित आणि स्वाती शून्य प्रतीच्या आसपास, चित्रा १, ध्रुव २, सप्तर्षीतला सर्वांत मंद तारा अत्री साधारण सव्वातीन. वही न पाहता काळोखात खरडायला शिका, किंवा आवाज ध्वनिमुद्रित करा. फोन पडदा बंद ठेवून रेकॉर्डिंगवर टाकला तर चालतो.

ढग आले तर आकाशाचा किती भाग झाकला गेला तेही लिहा. आणि ज्या तासात एकही उल्का दिसली नाही तो तास खोडू नका, शून्यही नोंदच आहे. दोघं-तिघं मिळून पाहत असाल तर प्रत्येकाने आपली मोजणी वेगळी ठेवावी. सगळ्यांच्या उल्का एकत्र करून काढलेला दर कुणाच्याच दराशी जुळत नाही.

१२. फोटो काढायचा असेल तर

पहिल्या वर्षी कॅमेरा घरी ठेवा, हे माझं स्पष्ट मत. कॅमेऱ्यात गुंतलेला माणूस आकाश पाहत नाही. तरी हौस असेल तर थोडक्यात: भक्कम तिपाई, १४ ते २४ मिलिमीटरची भिंग, एफ २.८ किंवा त्याहून मोठं छिद्र, आयएसओ १६०० ते ३२००, १५ ते २० सेकंदांची उघडझाप, फोकस हाताने एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर. आपोआप एकामागून एक फोटो घेणारं टायमर लावून कॅमेरा विसरून जा. जास्तीची बॅटरी आणि भिंगावरचं दव रोखायची सोय हवी. शेकडो फोटोंमध्ये दोन-चारच उल्का सापडतील, कारण कॅमेरा डोळ्यांपेक्षा खूपच कमी मंद उल्का पकडतो.

१३. परत आल्यावर

झोप काढून मगच गाडी चालवा. पहाटेच्या पेंगेत अपघात होतात, यात तडजोड नको. दुपारी नोंदी स्वच्छ उतरवा आणि आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावरच्या निरीक्षण-अर्जात भरा. अर्ज लांबलचक वाटतो, पण वहीत वर सांगितलेले कप्पे असतील तर तो अर्ध्या तासात होतो. अग्निगोल दिसला असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज आहे. त्यात वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची मागतात, म्हणूनच त्या तीन गोष्टी जागच्या जागी लिहिणं गरजेचं.

लायरीड ढगांत गेले तर दोनच आठवड्यांनी दुसरी संधी येते. ५-६ मेच्या आसपास एटा ॲक्वेरिड शिखरावर असतात. ही हॅलेच्या धूमकेतूची धूळ, वेग सेकंदाला सुमारे ६६ किलोमीटर, आदर्श परिस्थितीतला दर ताशी ५० च्या आसपास. उगमबिंदू कुंभ राशीत असल्यामुळे तो पहाटे दोन-तीनच्या सुमारास पूर्वेला उगवतो. विषुववृत्ताजवळच्या आणि दक्षिणेकडच्या लोकांना तो खूपच चांगला दिसतो. सामान तेच, डोळ्यांचे नियम तेच. फक्त गजर पहाटे अडीचचा लावा आणि आकाश उजळेपर्यंत बसा.